लेनिनग्राड टीव्हीवरचा फ्रोडो

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ म्हटलं की आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पीटर जॅक्सनचेच पिक्चर येतात, आणि त्यात काही चूक नाही, मी पण ते कितीतरी वेळा बघितलेत. पण त्यातला पहिला पिक्चर २००१ च्या डिसेंबरात आला, आणि त्याच्या दहा वर्षं आधी, १३ आणि १४ एप्रिल १९९१ ला, शनिवार-रविवार, लेनिनग्राड टीव्हीवर टॉल्कीनच्या मूळ तीन खंडांच्या कादंबरीतल्या पहिल्या खंडावरची दोन भागांची एक टेलिफिल्म लागली होती. नाव ‘ख्रानीतेली’, म्हणजे रक्षक. डायरेक्टर नताल्या सेरेब्र्याकोवा. लागली, संपली आणि गायब झाली. पुढची जवळजवळ तीस वर्षं ती कुठे होती ते बाहेरच्या जगाला माहीतच नव्हतं, बहुतेकांना मुळात अशी काही फिल्म आहे हेच माहीत नव्हतं, आणि मग मार्च २०२१ मध्ये लेनिनग्राड टीव्हीचा वारसदार असलेल्या सेंट पीटर्सबर्गच्या चॅनल फाइव्हनं ती आपल्या अर्काइव्हमधून काढून यूट्यूबवर टाकली, दोन्ही भाग, सबंध. काही दिवसांत लाखो लोकांनी बघितली.

त्या वेळी बातम्या आल्या त्यातल्या बहुतेक चेष्टेच्याच होत्या. बघा बघा कसली गंमत आहे, कसले कपडे, कसले इफेक्ट. मला ते अजिबात पटलं नाही आणि अजूनही पटत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी फिल्म कशी आहे ते सांगतो. ही सिनेमाच्या अर्थानं फिल्म नाहीच, सोव्हिएत टीव्हीवर स्टुडिओत नाटक बसवून व्हिडिओवर शूट करायची मोठी परंपरा होती त्यातली ही. म्हणजे नाटकातली मुरलेली मंडळी, स्टुडिओतला सेट, मोजके कॅमेरे, आणि जिथे डोंगर, बर्फ, गरुड वगैरे लागेल तिथे क्रोमा की. आपल्याकडे ज्यांनी दूरदर्शनवर रामायणातले बाण आकाशात एकमेकांवर आपटताना बघितलेत त्यांचे डोळे याला तयार आहेत, त्यांना वेगळी ट्रेनिंग लागत नाही. नट एका रंगाच्या पडद्यासमोर उभा राहतो, तो रंग मशीननं काढून टाकायचा आणि त्या जागी दुसरं चित्र बसवायचं. तेव्हाच्या व्हिडिओवर हे करताना केसांच्या कडा थरथरतात, खांद्याभोवती एक बारीक रेघ दिसत राहते, कधी माणसाचे पाय जमिनीच्या थोडे वरच चालतायत असं वाटतं. गोष्टीतला जादूगार गँडाल्फ गरुडावरून जातो त्या ठिकाणी हे सगळं एकदम दिसतं.

पण त्याच तंत्रानं टॉम बॉम्बाडिलचं घर बघा. बॉम्बाडिल आणि त्याची गोल्डबेरी इथे हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोसारख्या बुटक्या मंडळींच्या, मानानं भलेमोठे आहेत आणि हॉबिट त्यांच्यापुढे इवलेसे. करायची पद्धत अगदी साधी, एकांना जवळून घ्यायचं, दुसऱ्यांना लांबून, आणि दोन चित्रं एकावर एक. जोड कुठे आहे तो लगेच कळतो. पण बॉम्बाडिल म्हणजे काय चीज आहे, हा माणूस आहे का देव आहे का जंगलच आहे, हे पुस्तक वाचताना जे वाटतं ना, ते मला त्या सीनमध्ये मिळालं. आणि मुख्य म्हणजे बॉम्बाडिल आहे! जॅक्सननं त्याला पूर्ण गाळला होता, आणि मूळ पुस्तक मनापासून वाचणारे लोक कित्येक वर्षं त्यावर हळहळत होते. पडद्यावर बॉम्बाडिल बघायचा तर १९९१ सालच्या या फिल्मसारख्या एखाद-दुसऱ्या जुन्या टेलिफिल्मकडेच जावं लागायचं. थडग्यांच्या टेकड्यांवरच्या भुताचा प्रसंग पण इथे आहे, तो पण जॅक्सनमध्ये नव्हता. टॉल्कीनचे कलेक्टर या फिल्मच्या मागे लागले त्यातलं एक मोठं कारण हेच.

दुसरं कारण संगीत. आणि इथे माझं खरं प्रेम आहे. संगीत आहे आंद्रेई रोमानोवचं, लोक त्याला ‘द्यूशा’ म्हणायचे. हा ‘अक्वारियुम’ या लेनिनग्राडच्या रॉक ग्रुपमधला बासरी आणि कीबोर्ड वाजवणारा. अक्वारियुम म्हणजे सोव्हिएत रॉकचं फार मोठं नाव, बोरिस ग्रेबेन्श्चिकोवचा ग्रुप, ज्यांचे अल्बम कितीतरी वर्षं सरकारी रेकॉर्ड कंपनीनं काढलेच नाहीत, आंद्रेई त्रोपिलोच्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचे आणि मग लोक एका टेप रेकॉर्डरवरून दुसऱ्यावर उतरवून घ्यायचे. असं अख्ख्या देशात पसरायचं. तर त्या ग्रुपमधला हा माणूस इथे नुसता संगीतकार नाही, गोष्ट सांगणारा पण तोच आहे. चष्मा, हातात पाइप, कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे सांगतोय, आणि मधेच गाणं सुरू होतं. रोमानोव २००० साली गेला. त्यामुळे ही फिल्म मिळाली तेव्हा टॉल्कीनवाल्यांच्या इतकाच आनंद रशियन रॉकच्या संग्राहकांना झाला असणार, कारण त्यांच्या लाडक्या माणसाचं इतकं सगळं काम, चेहऱ्यासकट, एकदम हाती आलं.

नट पण ऐरेगैरे नाहीत हे लक्षात घ्या. गँडाल्फ विक्तर कोस्तेत्स्की, फ्रोडो वालेरी द्याचेन्को, बिल्बो गिओर्गी श्तिल. आणि गॅलाड्रिएल कोण, तर येलेना सोलोवेय! सत्तरच्या दशकातल्या सोव्हिएत सिनेमाची मोठी हिरॉइन, निकिता मिखाल्कोवच्या पिक्चरमधली. त्याच १९९१ साली ती देश सोडून अमेरिकेला गेली. लेगोलास या एल्फचं काम एका बाईनं केलंय, आणि मला तर ते छानच वाटलं, एल्फ आपल्यासारखे नसतात हे दाखवायला यापेक्षा सोपा आणि स्वस्त उपाय कुठला. गोलम हिरव्या रंगानं रंगवलाय, त्याच्यावर लोक खूप हसले, पण त्याचा आवाज आणि अंगाचं वळण डोळे बारीक करून बघा एकदा. रंगभूमीवरचा नट आहे तो, शरीरानंच सगळं करतोय, कॉम्प्युटर नाही मदतीला.

आता काळ बघा. २ एप्रिल १९९१ ला सोव्हिएत सरकारनं रोजच्या वस्तूंच्या किमती एकदम वाढवल्या. त्याच्या आधी जानेवारीत ५० आणि १०० रुबलच्या मोठ्या नोटा रद्द केल्या होत्या, लोक बँकांपुढे रांगा लावून उभे. दुकानं रिकामी. जूनमध्ये लेनिनग्राडच्या लोकांनी शहराला जुनं नाव परत द्यायला मत दिलं, सप्टेंबरमध्ये ते सेंट पीटर्सबर्ग झालं आणि डिसेंबरात देशच राहिला नाही. म्हणजे किमती वाढल्यावर अकरा दिवसांनी ही फिल्म लागली. अशा काळात कोणीतरी टीव्हीच्या ऑफिसात बसून ठरवलं की आपण अंगठीची गोष्ट करायची, पैसे नाहीत तरी करायची, गाण्यांसकट करायची. बजेट कमी म्हणून हसणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आणि टॉल्कीन रशियात पोचला कसा ही पण एक वेगळीच कहाणी आहे, ती कळल्याशिवाय या फिल्मचं मोल कळत नाही. साठच्या दशकात झिनाईदा बोबीर नावाच्या बाईंनी संक्षिप्त अनुवाद केला, तो छापला जाईना म्हणून टाइप केलेल्या प्रती हातोहात फिरल्या. पेर्म शहरात अलेक्झांडर ग्रुझबर्गनी सत्तरच्या दशकात सगळाच अनुवाद करून टाकला, तोही असाच टाइप करून फिरला. टॉल्कीनचं त्याआधीचं पुस्तक ‘हॉबिट’ मात्र १९७६ ला रीतसर छापून आलं, नताल्या राखमानोवांचा अनुवाद आणि मिखाईल बेलोम्लिन्स्कींची चित्रं, आणि त्या चित्रांतला बिल्बो हुबेहूब येवगेनी लिओनोवसारखा, म्हणजे सोव्हिएत विनी द पूला ज्यांनी आवाज दिला ते गोल चेहऱ्याचे नट. हे पुस्तक आज जगभरातल्या टॉल्कीन कलेक्टरांना हवं असतं. मग १९८२ ला आंद्रेई किस्त्याकोव्स्की आणि व्लादिमीर मुराव्योव यांनी केलेला पहिला खंड आला, थोडा कापून, लहान मुलांचं पुस्तक म्हणून, नाव ‘ख्रानीतेली’. फिल्मनं नाव तिथूनच घेतलंय. पुढचे खंड? नाहीत. वाचक थांबलेत, फ्रोडो नदीच्या पलीकडे गेलाय आणि पुस्तक संपलंय. तोच पहिला खंड पूर्ण रूपात १९८८ ला आला, दुसरा १९९० ला, आणि तिसरा थेट १९९२ ला. किस्त्याकोव्स्की १९८७ लाच वारले, मुराव्योवांनी एकट्यानं काम पुरं केलं. म्हणजे एप्रिल १९९१ मध्ये टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या घरी हा अनुवाद असला तरी त्याचा शेवट त्याच्या घरात नव्हता!

१९८८ पासूनचे हे तीन खंड कोणी छापले, तर ‘रादुगा’ या सोव्हिएत प्रकाशनानं. आता इथे आपल्याकडच्या पुस्तकवेड्यांचे कान टवकारणार. तेच रादुगा ज्यांची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात आणि प्रदर्शनांत अगदी थोड्या पैशात मिळायची, गुळगुळीत कागद, मोठी रंगीत चित्रं, आणि अनुवाद असा की वाचताना मुलाला परकं काही वाटायचंच नाही. माझ्या संग्रहाची सुरुवात त्या पुस्तकांनी झाली, अजूनही फाउंटनच्या फुटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकात जुन्या ढिगात तो पाठीमागचा शिक्का दिसला की मी थांबतोच. त्यामुळे रादुगाचा टॉल्कीन आहे हे कळल्यावर मी तिकडे ओढला गेलो आणि तिथून या फिल्मपर्यंत. सोव्हिएत पुस्तकांचे मराठी कलेक्टर आता बरेच आहेत, त्यांच्यावर डॉक्युमेंटरी पण झाली आहे, पण त्यातल्या फार कमी जणांना हे टोक माहीत आहे असं मला दिसतं.

तर मला ज्याचं कायम नवल वाटतं ते सांगतो. सोव्हिएत देशात लोकांनी टॉल्कीन जपला तो टाइपरायटरवर कार्बन लावून. रॉक जपलं ते टेपवरून टेप उतरवून. सरकार देत नाही तर आपण करू, हा त्यांचा हातखंडा. आणि जेव्हा हे दोन्ही एकत्र आलं, टॉल्कीनची गोष्ट आणि अक्वारियुमच्या माणसाचं संगीत, आणि तेही सरकारी टीव्हीवर उघडपणे, तेव्हा ते मात्र लोकांच्या हातात राहिलं नाही. राहिली फक्त ऑफिसातली टेप. टीव्हीवर लागलंय म्हणजे परत लागेल असं वाटलं असेल, किंवा घरात व्हीसीआर नसेल, तेव्हा तिथे ती चैनीचीच वस्तू होती. आणि मग देशच बदलला, कोणाला कसली आठवण.

ऑफिसातली टेप राहिली हे सुद्धा नशीबच म्हणायचं. व्हिडिओ टेप महाग असायची आणि जगभर टीव्हीवाले जुन्यावर नवं रेकॉर्ड करायचे. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी जुने एपिसोड असेच पुसून टाकले, त्यातले जवळजवळ शंभर अजून मिळालेले नाहीत. टॉल्कीनची पहिली मोठी नाट्यरूपं, १९५५-५६ ची बीबीसी रेडिओवरची, त्यांचीही रेकॉर्डिंग उरली नाहीत, आणि ती तर लेखक हयात असताना झालेली. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचं काय झालंय ते मी इथे उगाळत नाही, ज्यांनी शोधलंय त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे जेव्हा एखादं रेकॉर्डिंग असं सबंध, दोन्ही भागांसकट, चित्र आणि आवाज ठीकठाक असलेलं बाहेर येतं तेव्हा मला त्या अनोळखी अर्काइव्हवाल्यांचे पाय धरावेसे वाटतात.

मग कलेक्टर यात नक्की काय गोळा करतो? हा प्रश्न मला घरचे पण विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. हातात धरावं असं या फिल्मचं फारसं काही नाहीच. चकचकीत डबा नाही, खेळणी नाहीत, जाहिरातीचे फोटो नाहीत, जॅक्सनच्या पिक्चरांची जशी अख्खी कपाटं भरतात तसं इथे काही होत नाही. पण कलेक्टर म्हणजे नुसता वस्तू जमवणारा नव्हे, असं मी मानतो. ‘ख्रानीतेली’चा कलेक्टर तिच्या आजूबाजूचं जमवतो. १९७६ चा बेलोम्लिन्स्कींच्या चित्रांचा हॉबिट, १९८२ चा पहिला खंड, रादुगाचे तीन खंड, अक्वारियुमच्या टेप. फॅन लोकांनी मेहनत करून केलेले इंग्रजी सबटायटल, त्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सुद्धा काही जण जपून ठेवतात, कोणत्या गाण्याचा अनुवाद कोणत्या आवृत्तीत बरा झालाय त्यावर तासन्‌तास बोलतात. मी त्यातलाच.

आणि ही एकटी नाही, तिची भावंडं आहेत. याच लेनिनग्राड टीव्हीवर १९८५ ला मुलांच्या कार्यक्रमासाठी व्लादिमीर लातिशेवनी ‘हॉबिट’ केला होता. त्यात झिनोवी गेर्द्त हे फार मोठे नट स्वतः प्रोफेसर बनून गोष्ट सांगतात, मिखाईल डानिलोव बिल्बो आहेत, आणि गॉब्लिन झालेत बॅले डान्सर! गॉब्लिन नाचत येतात. हे वाचून हसू आलं तरी एकदा बघा, बॅलेच्या शहरात राक्षस दाखवायचे तर ते नाचणारच, त्यांच्याकडे जे उत्तम होतं तेच त्यांनी वापरलं. स्वीडनमध्ये १९७१ ला मुलांसाठी चित्रं आणि नट मिसळून एक छोटं रूप केलं होतं, बो हान्सनच्या संगीतावर. आणि फिनलंडच्या टीव्हीनं १९९३ ला नऊ भागांची ‘होबितित’ काढली, ती एका मोठ्या नाटकाच्या चमूतून आलेली. प्रत्येकाचा गँडाल्फ वेगळा, प्रत्येकाचा गोलम वेगळा, प्रत्येकाचं शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, म्हणजे त्या त्या देशाचं खेडं.

माझ्या मते या सगळ्या जुन्या टेलिफिल्मचं आकर्षण तिथेच आहे. जॅक्सनच्या आधी या गोष्टीचा चेहरा ठरलेला नव्हता. वाचणाऱ्यानं वाचायचं आणि आपल्या मनात जे येईल ते रंगवायचं. आज कोणी नवं काही काढलं, अगदी प्रचंड पैसे घालून काढलं, तरी ते न्यूझीलंडच्या डोंगरांपासून आणि त्या कपड्यांपासून फार लांब जाऊ शकत नाही. सेरेब्र्याकोवांवर ते ओझं नव्हतं. त्यांच्या हॉबिटांमध्ये मला रशियन परीकथेतली माणसं दिसतात, एल्फांच्या रिव्हेंडेलमध्ये लेनिनग्राडचं थिएटर. एक अख्खं शहर एक पुस्तक कसं वाचत होतं त्याचा हा पुरावा आहे, आणि असा पुरावा पुस्तकाच्या प्रतीत मिळत नाही, टीकेच्या लेखात मिळत नाही, तो फक्त अशा घाईत, कमी पैशात, मनापासून केलेल्या कामात मिळतो. म्हणून ‘इतकी वाईट की मजा येते’ या खात्यात ही फिल्म टाकणाऱ्यांशी मी वाद घालतो. तांत्रिक बाजू कच्ची आहे, हो, पहिल्या भागात काही सीन विनाकारण लांबलेत, लढाईचे प्रसंग तर जवळपास नाहीतच म्हणा. पण नट कुठेही गोष्टीची थट्टा करत नाहीत. द्याचेन्कोचा फ्रोडो भेदरलेला आहे, वयानं मोठा वाटतो, आणि अंगठी हातात असताना तो खरंच थकत जातो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण पुस्तकातला फ्रोडो पण पन्नाशीचा आहे, वीस वर्षांचा पोरगा नाही.

ज्यांना बघायची आहे त्यांना एवढंच सांगेन की सबटायटल लावा आणि पुस्तकाचा पहिला खंड आधी वाचलेला असू दे, कारण फिल्म धरून चालते की तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे, बऱ्याच गोष्टी निवेदकच सांगून टाकतो. मोबाइलवर बघू नका, जुनं व्हिडिओ चित्र आहे, बारीक पडद्यावर सगळं धुरकट दिसतं, आणि फार मोठ्या टीव्हीवर पण नको, तिथे क्रोमाच्या कडा जास्तच बोचतात. लॅपटॉप बरा. हेडफोन लावून रोमानोवची गाणी नीट ऐका. पहिला भाग जड वाटला तर निदान बॉम्बाडिलपर्यंत तरी थांबा, तिथून पुढे सोडवत नाही.

आणि रादुगाचा तिसरा खंड, १९९२ चा, कोणाच्या घरी किंवा कुठल्या जुन्या दुकानात दिसला तर मला जरूर कळवा. पहिले दोन आहेत माझ्याकडे.